लेंडीसाहेब

आमच्या या मित्राच्या मानेला कायमचा बाक आला आहे. मध्यंतरी हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "कॉम्प्युटरसमोर फार बसता का?" त्यावर हा निरागसपणे म्हणाला, "मी नाही हो बसत. बिबटे बसतात. मी नंतर जातो."

डॉक्टरांनी मानेचा पट्टा लिहून दिला आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "यांच्या घरात आणखी कुणाला असा त्रास?"

त्रास नव्हे, हा त्याचा व्यवसाय आहे. हा गृहस्थ वन्यजीव संशोधक आहे. हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांसमोर उघडी जीप, गळ्यात हातभर लांबीची लेन्स आणि मागे मावळता सूर्य येतो. याच्याकडे जीप नाही, चौथ्या मालकाच्या नात्यानं घेतलेली मोटारसायकल आहे. लेन्सच्या जागी चिमटा आहे. आणि मावळत्या सूर्याचा तर त्याला राग येतो, कारण अंधार पडला की जमिनीवरचं दिसत नाही. बाकीचे लोक वाघ दिसावा म्हणून नवस बोलतात. हा नऊ वर्षं बिबट्यांच्या मागावर आहे आणि त्यानं बिबट्या प्रत्यक्ष पाहिलाय तो सात वेळा. त्यातल्या दोनदा याची नजर खाली होती आणि बरोबरच्या माणसानं दंड धरून दाखवला.

"बिबट्या बघून काय कळतं?" तो म्हणतो. "तो आहे, एवढंच. ते मला माहीतच आहे. काय खातो, हे काही तोंडाकडे बघून कळत नाही."

मग कशाकडे बघून कळतं, असं विचारू नये. तो दाखवायला नेतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडच्या ज्या गावात त्यानं बिऱ्हाड केलं आहे, तिथं त्याला लेंडीसाहेब म्हणतात. गावानं आधी ठेवलेलं नाव छापण्याजोगं नव्हतं. शाळेतल्या गुरुजींनी त्याच्यावर संस्कार करून 'लेंडीसाहेब' केलं आणि ते रूढ झालं. यानं अपमान वाटून घेतला नाही. हरकत घेतली, पण ती शास्त्रीय. "लेंडी शेळीची, मेंढीची, सशाची. मांसाहारी प्राण्याची लेंडी नसते, गुरुजी." गुरुजींनाही ते पटलं. पण करायचं काय? आपली मराठी या बाबतीत एरवी सढळ आहे. गाईचं शेण, घोड्याची लीद, शेळीची लेंडी, पाखराची शीट, ज्याचं त्याला दिलेलं आहे. बिबट्याच्या वाट्याला मात्र 'विष्ठा' हा पंचनाम्यातला शब्द आला. गावात विष्ठा कुणी म्हणत नाही, आणि गावात जे म्हणतात ते प्रबंधात लिहिता येत नाही. त्या दोहोंच्या मधल्या पट्टीत हा मनुष्य राहतो.

मी पहिल्यांदा चार दिवस त्याच्याकडे राहायला गेलो तेव्हा पहाटे पाचला उठवून त्यानं मला उसाच्या कडेच्या गाडीवाटेवर नेलं. पुढे तो, मागे मी. मी घाबरून उसाकडे बघत होतो, तो जमिनीकडे. अचानक तो थांबला आणि दोन्ही गुडघ्यांवर बसला. एकादशीला विठोबाच्या पायांवर डोकं ठेवताना वारकऱ्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते त्याच्या चेहऱ्यावर आलं. वाटेच्या बरोबर मधोमध ती होती. वाळून राखाडी पडलेली, अंगठ्याहून जाड, गाठीगाठींची, एका टोकाला निमुळती, आणि त्या टोकातून केसांचा बारीक झुपका बाहेर आलेला. शेजारी मागच्या पायांनी माती ओरबाडल्याची खूण.

"कुत्र्याची नाही कशावरून?" मी शहाण्यासारखं विचारलं.

"कुत्रं भाकरी खातं. यात केस बघ, हाडाचा चुरा बघ. आणि हा ओरखडा बघ. कुत्र्याला हद्द सांगायची असते तेव्हा ते तंगडी वर करतं. बिबट्या वाटेत मधोमध बसतो, सगळ्यांना दिसावं म्हणून. ही त्याची नावाची पाटी आहे."

मग जाडी मोजली, फोटो काढला, जागेचे अक्षांश-रेखांश टिपले, हातमोजा घालून चिमट्यानं अर्धा भाग कागदी पाकिटात भरला. अर्धा तिथंच ठेवला.

"सगळा का नाही घेत?"

"दुसऱ्याची पाटी आहे. वाचायची, उपटून न्यायची नाही."

पहिल्या वर्षी त्यानं एक घोडचूक केली होती. मदत व्हावी म्हणून गावातल्या पोरांना सांगितलं, जो नमुना आणून देईल त्याला बिस्किटाचा पुडा. आठ दिवसांत बिबट्यांची संख्या चौपट झाल्यासारखी वाटू लागली. पोरं सकाळी टोपल्या घेऊन दारात उभी. कुत्र्याचं, मांजराचं, उदमांजराचं, काही नमुने तर साहेबांनी ओळखले आणि नुसते त्या पोराकडे बघत राहिले. एका चुणचुणीत पोरानं बारक्या भावाला धंद्यात घेतलं होतं. यानं सगळा माल नाकारला, पण बिस्किटं दिली. वहीत लिहिलं, 'पद्धतीत दोष. दोष संशोधकाचा.' आजही वाण्याच्या वहीत त्या महिन्याचं बिल 'वाघ खाते' म्हणून वेगळं मांडलेलं आहे.

या माणसाचं लग्न कसं जमलं हे संशोधनाचंच फलित. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीच्या वडिलांनी विचारलं, "आपण काय करता?" यानं सांगितलं. वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. काका मंडळींनी विषय पावसाकडे नेला. शेवटी मामांनी सरळच विचारलं, "मग, मुलगी पसंत आहे का?" हा बराच वेळ विचार करून म्हणाला, "एका निरीक्षणावरून सांगता येणार नाही."

खोलीत शांतता पसरली. मुलगी मात्र हसून म्हणाली, "किती निरीक्षणं लागतील?"

"निदान तीस."

तिनं ती दिली. तीस भेटींनंतर यानं होकार कळवला, तोही 'सध्याच्या माहितीनुसार' असं म्हणून. आमच्या वहिनी शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे संसार टिकला. एकदा मात्र शहरातल्या घरी, गच्चीवर कसोटीचा प्रसंग आला. एप्रिलचं ऊन. एका चादरीवर वहिनींच्या सासूबाईंच्या कुरडया, पलीकडच्या कागदावर याचे एकवीस नमुने. दोन्ही वाळवणच. शेजारच्या काकूंनी राखणीला बसता बसता लांबून विचारलं, "हे सांडगे कसले गं, काळपट दिसतायत?" त्यानंतर सोसायटीची बैठक झाली आणि गच्चीच्या नियमांत सतरावं कलम वाढलं.

हैदराबादला एका प्रयोगशाळेत डीएनए तपासायला नमुने पाठवायचे होते तेव्हा कुरिअरवाल्याकडे मी त्याच्याबरोबर गेलो होतो.

"आत काय आहे?"

"विष्ठा."

"कपडे लिहू?"

"विष्ठा लिहा."

"किंमत किती टाकू? हरवलं तर भरपाई असते."

हा अडला. खोटं त्याला सांगता येत नाही. एकेका पाकिटामागे किती पहाटा गेल्या याचा हिशेब करत तो म्हणाला, "भरपाई होणार नाही हो याची." कुरिअरवाल्यानं रकान्यात 'शंभर' लिहून टाकलं.

डीएनए फार पुढचं. त्याचं रोजचं काम त्याहून साधं आहे. नमुना पाण्यात भिजवायचा, बारीक चाळणीत धुवायचा, उरतील ते केस, नखं, हाडांचे तुकडे, कधी एखादा खूर वेगळा करायचा. केस वाळवून काचपट्टीवर ठेवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. मीही बघितलं. साध्या डोळ्यांना केस म्हणजे केस. पण तिथं तो बांबूसारखा दिसतो. वरून खवल्यांची नक्षी, आत मधोमध गाभ्याची पट्टी. शेळीची नक्षी वेगळी, डुकराची वेगळी, मांजराची वेगळी. एकेका नमुन्यातले वीस-वीस केस असे तपासायचे. मधूनच बिबट्याचे स्वतःचेही केस निघतात, कारण मांजरांना अंग चाटायची सवय. ते बाजूला काढायचे. नाहीतर बिबट्या बिबट्या खातो असा शोध लागायचा.

"आणि एवढं करून कळतं काय?" मी विचारलं.

तेव्हा त्यानं मला बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अकोल्यातल्या कामाचा निबंध वाचून दाखवला. हा निबंध तो पोथीसारखा वाचतो, फक्त मध्ये आरती नसते. या भागात बिबट्याच्या पोटात जेवढं मांस जातं त्यातलं ८७ टक्के माणसांभोवती राहणाऱ्या पाळीव जनावरांचं, आणि त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के. शेळ्या इथं कुत्र्यांच्या सातपट, तरी त्यांचा वाटा अवघा ११ टक्के. कारण शेळीला मालक आहे, गोठा आहे, दाराला कडी आहे. कुत्रं उकिरड्यावर एकटं आहे.

"म्हणजे बिबट्या उसात का राहतो, याचं उत्तर उसात नाही," मी म्हणालो. "उकिरड्यावर आहे."

"असं मी म्हणालो नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "तसं असू शकेल. तपासावं लागेल."

हाच त्याचा खरा स्वभाव. वाघ आणि बिबट्या हे विषय असे आहेत की महाराष्ट्रात त्यांतलं सगळं सगळ्यांना माहीत असतं. पानाच्या ठेल्यावर, एसटीत, टीव्हीवर, कुणालाही विचारा. बिबट्या नरभक्षक झाला आहे, बिबटे कुणीतरी रात्री ट्रकमधून आणून सोडतो, त्या ट्रकचा नंबरही एकाच्या मेहुण्यानं पाहिलेला असतो. या गर्दीत 'सांगता येत नाही' म्हणणारा हा एकटा, आणि तोच एकटा पगार घेऊन या विषयावर काम करणारा. त्यामुळे लोकांना वाटतं, याला काहीच येत नाही.

गावाचं आणि त्याचं खरं नातं जुळलं ते कॅमेऱ्यांमुळे. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना गुडघाभर उंचीवर एकेक पेटी बांधायची. समोरून काही गेलं की फोटो निघतो. पेट्या दोन, कारण बिबट्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके उजवीसारखे नसतात, आणि ठिपके हेच त्याचं आधारकार्ड. याच पद्धतीनं अकोल्यात मोजणी झाली तेव्हा शंभर चौरस किलोमीटरला पाचेक बिबटे निघाले, आणि माणसं दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर. म्हणजे एकेका बिबट्यामागे सहा हजारांहून जास्त माणसं. एवढ्या गर्दीत कुणाच्या दृष्टीस न पडता राहणं मुंबईच्या चाळीतल्या माणसालाही जमलेलं नाही.

पण पेटीला बिबट्या काय आणि बंड्या काय. महिनाभरात चार हजार फोटो निघाले. त्यांत बिबट्या नऊ. बाकी शेळ्या, हंडे घेतलेल्या बाया, बैलाची मागची बाजू, कॅमेऱ्यात वाकून बघणारा एक प्रचंड डोळा, आणि त्याच्याच काचेत बघून भांग पाडणारा होतकरू कार्यकर्ता. आणि काही फोटो रात्रीचे. गावाला याचा पत्ता लागायला वेळ लागला नाही. पारावरच्या एका वजनदार गृहस्थांनी संध्याकाळी येऊन, खाकरून विचारलं, "सायेब, त्ये मंगळवारी रातच्याला... वड्याच्या अंगाला... कोन दिसलं काय?"

"बिबटी दिसली. दोन पिल्लांसह."

"आन मानूस?"

"माणसांचे फोटो आम्ही पुसतो. माझा अभ्यास बिबट्यांचा आहे."

गृहस्थ बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी घरी पाच किलो इंद्रायणी तांदूळ आला. तो त्यानं परत पाठवला. तिथपासून गावातल्या अनेक घरांना लेंडीसाहेबांविषयी आदर वाटू लागला. एवढं माहीत असून न बोलणारा माणूस गावानं याआधी पाहिला नव्हता.

मी तिथं असतानाच ग्रामसभा भरली. मळ्यातली शेळी गेली होती. सभा तापली. "पिंजरा लावा, धरा आन सोडा लांब कुठंतरी!" सगळ्यांचं एकमत. सरपंचबाईंनी साहेबांना बोलायला सांगितलं. हा उठला, मान खाली, आणि पहिली दहा मिनिटं काय काय सांगता येणार नाही, हे सांगत राहिला. मागची बाकडी उठून जायला लागली. मग म्हणाला, "एक गोष्ट मात्र मोजलेली आहे. जुन्नरची."

जुन्नर शेजारचंच. लोक थांबले.

"१९९३ ते २००१. बिबट्याचे माणसांवर हल्ले, वर्षाला सरासरी चार. मग बिबटे धरून दूर नेऊन सोडायला सुरुवात झाली. त्यानंतरची सरासरी सतरा."

"चुकून उलटं सांगताय काय वं?"

"नाही. चारचे सतरा."

कुणी काही बोललं नाही. मग पारावरचे म्हातारबा, ज्यांच्या घराण्याकडे गावच्या वाघोबाची पूजा आहे, काठी टेकवत उठले. "बराबर हाय. हितल्या वाघराला गावची वहिवाट ठावं. कुणाचं दार कवा लागतं, पोरं कुठनं शाळंला जात्यात, समदं ठावं. त्येला नेलं की त्येच्या जागी दुसरं येनार. आन नेल्यालं तिकडं लोकांच्या गावात येड्यागत फिरनार. दोन्हीकडं नवखं. नवख्याला वहिवाट कोन शिकवनार?"

साहेबांनी खिशातली वही काढली आणि तिथंच उभ्या उभ्या 'वहिवाट' हा शब्द लिहून घेतला. नंतर मला म्हणाला, "आम्हाला हे लिहायला तेरा पानं लागतात."

तरी पिंजरा लागलाच. लोकांची समजूत आकड्यांनी पटते, राग निघत नाही. आत आमिष म्हणून कोंबडी. रात्री अकराला खाडकन दार पडल्याचा आवाज आला, सगळं गाव बॅटऱ्या घेऊन धावलं. आत म्हातारबांचा मोत्या बसला होता, तोंडाला पिसं. अंधारात कुणीतरी म्हणालं, "चला, वाघाचं जेवन तेवढं सुखरूप हाय." साहेबांनी त्याचाही फोटो काढला आणि तारीख-वेळ टाकून ठेवला. पिंजरा आठवड्यानं गेला. गोठ्याच्या कुडाला जाळी मात्र बसली, आणि शाळेमागचा उकिरडा हलला. याचं श्रेय द्यायला गेलं तर तो म्हणतो, "माझं सांगणं आणि हे बदल, या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात झाल्या. एकीमुळे दुसरी झाली, असं त्यावरून सिद्ध होत नाही."

शेवटच्या रात्री आम्ही अंगणात बाजेवर पडलो होतो. मी त्याला आजोबाबद्दल विचारलं. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला एक म्हातारा बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं, गळ्यात माग काढणारा पट्टा बांधला, माळशेज घाटाच्या पायथ्याला सोडलं. नाव पडलं 'आजोबा'. मग तो चालायला लागला. डोंगर, हमरस्ता, कसाऱ्याचे रेल्वेरूळ, खाडी, सगळं ओलांडत महिन्याच्या आत सव्वाशेएक किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत असंख्य गावं लागली, माणसाला त्यानं ओरखडाही काढला नाही. त्याच्यावर पुढे सिनेमा निघाला. हे सगळं हा माणूस रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तशा आवाजात सांगत होता.

"२०११ मध्ये मुंबईजवळच्या महामार्गावर गाडीखाली गेला," तो म्हणाला. "कातडीखालच्या चिपवरून ओळख पटली."

"तो कुठं निघाला होता रे? घरी?"

बाज करकरली. बराच वेळ काही उत्तर आलं नाही. चष्मा काढून तो शर्टाला पुसत होता, अंगणात दिवा नसताना.

"एका जनावरावरून सांगता येत नाही," तो शेवटी म्हणाला. आवाज वेळापत्रकाचा नव्हता.

तेवढ्यात उसाच्या कडेला कुत्री भुंकायला लागली. आधी एक, मग चार, मग सगळी. जीव खाऊन भुंकत होती आणि मध्येच, कुणी नळ बंद करावा तशी, सगळी एकदम थांबली. ओट्यावरून म्हातारबांचा आवाज आला, "आलं गं बया." मी पाय बाजेवर वर घेतले.

मला वाटलं, आता हा उठून धावेल. नऊ वर्षांत सातदाच दिसलेला प्राणी शंभर पावलांवर होता. तो उठला नाही. उशाची बॅटरी पेटवून त्यानं वही उघडली, घड्याळ पाहिलं आणि लिहिलं. मी मान वाकडी करून वाचलं.

'८.४०. कुत्री गप्प. कारण अज्ञात.'

"अज्ञात?" मी कुजबुजलो. माझी बाज मी केव्हाच भिंतीकडे सरकवली होती.

"मी पाहिलं नाही ना," तो म्हणाला, आणि बॅटरी विझवली. "सकाळी पाचला ऊठ. वाटेवर काही ठेवून गेला असेल तर कळेल."